रिक्वायरमेंटच्या कामात एआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान-मध्यम टीममध्ये काम करणारे बीए (बिझनेस अॅनालिस्ट), टेस्टर आणि प्रोजेक्ट लीड यांना सतत पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण आहे, गावातल्या दूध संकलन केंद्राचे सॉफ्टवेअर. सकाळ-संध्याकाळ दूध येते, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरणारे घन घटक) मोजतात, दरपत्रकाप्रमाणे रक्कम ठरते, दहा दिवसांनी बिल निघते, त्यातून उचल आणि पशुखाद्याची कपात होते. ऐकायला सोपे वाटणारे हे काम लिहून काढायला बसले की किती प्रश्न निघतात ते पुढे दिसेलच.

एआय या कामात नेमके काय करते?

मुख्यतः वाचते, आणि न कंटाळता वाचते. रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करावे याची मागणी, हा शेवटी मजकूरच असतो. मीटिंगच्या नोंदी, ईमेल, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, जुन्या सिस्टीमचे रिपोर्ट, कुणीतरी बनवलेली एक्सेल शीट. हा पसारा चाळून मोघम वाक्ये दाखवणे, राहून गेलेल्या शक्यता विचारणे, दोन ठिकाणच्या नोंदी ताडून पाहणे, यूजर स्टोरी (वापरकर्त्याच्या बाजूने मांडलेली गरज) आणि टेस्ट केसचा कच्चा मसुदा काढणे, ही कामे भाषा-मॉडेल आज चांगली करतात.

निर्णय मात्र त्यांना घेता येत नाही. कमी फॅटचे दूध परत पाठवायचे की कमी दराने घ्यायचे, हे दूध संघ ठरवतो. ते कुणी ठरवलेच नसेल, तर कितीही चांगले मॉडेल आणा, उत्तर मिळणार नाही. उत्तरासारखे दिसणारे वाक्य तेवढे मिळेल.

मग संपूर्ण एसआरएस (सर्व रिक्वायरमेंटचा दस्तऐवज) एआयकडूनच लिहून घेतला तर काय बिघडते?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

समजा, तुम्ही मॉडेलला एवढेच सांगितले की दूध संकलन केंद्रासाठी एसआरएस लिही. काही क्षणांत नीटनेटका, क्रमांक घातलेला दस्तऐवज हातात येईल. त्यात एक वाक्य असू शकेल: ‘गायीच्या दुधाची फॅट ३.५ पेक्षा कमी असल्यास प्रणालीने दूध नाकारावे.’ आता ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही जोडी महाराष्ट्रात दूध धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. गायीच्या दुधाचा दर जाहीर होतो तो याच प्रतीला. त्यामुळे आकडा वाचताना कुणाची भुवई उंचावत नाही. पण ही दराची पायाभूत प्रत आहे. दूध नाकारण्याची मर्यादा वेगळी असते आणि ती ज्या त्या संघाने ठरवायची असते. मॉडेलने ओळखीचा आकडा उचलला आणि चुकीच्या जागी बसवला. क्लायंटने घाईत साइन-ऑफ (मंजुरी) दिला, डेव्हलपरने तसेच कोड केले, आणि पहिल्याच सकाळी ३.३ फॅटचे दूध घेऊन आलेला उत्पादक कॅन घेऊन परत गेला.

धडधडीत चूक मीटिंगमध्ये कुणीतरी पकडतेच. धोका असतो तो बरोबर वाटणाऱ्या वाक्याचा. माणसाने लिहिलेल्या अपुऱ्या एसआरएसमध्ये रिकामी जागा दिसते, ‘हे विचारायचे आहे’ असा शेरा असतो. एआयच्या मसुद्यात ती रिकामी जागा भरलेली असते, म्हणून विचारायचे राहून जाते.

उपाय साधा आहे, पण काटेकोरपणे पाळावा लागतो. प्रत्येक रिक्वायरमेंटपुढे ती कुणी सांगितली, कुठे सांगितली आणि तिची स्थिती काय, हे लिहा. स्थिती तीनपैकी एक: सांगितलेली, गृहीत धरलेली किंवा विचारायची. एआयने सुचवलेली प्रत्येक ओळ ‘गृहीत’ म्हणूनच आत येते आणि कुणीतरी जबाबदार माणूस हो म्हणेपर्यंत तिथेच थांबते. ज्या ओळीमागे माणसाचे नाव नाही तिच्यावर कोड लिहायचा नाही. मी हा नियम कुठल्याही टूलपेक्षा वरचा मानतो.

सुरुवात कुठून करावी?

मॉडेलकडून उत्तरे मागण्याआधी प्रश्न मागा. केंद्राचे सचिव म्हणाले, ‘नवीन दर अकरा तारखेपासून लागू.’ हे वाक्य देऊन पुढीलप्रमाणे लिहा:

‘तू अनुभवी टेस्टर आहेस. खालील वाक्य डेव्हलपरला दिले तर त्याला कोणत्या गोष्टी स्वतःच्या मनाने ठरवाव्या लागतील, त्यांची यादी प्रश्नरूपात दे. उत्तरे सुचवू नकोस. आकडे घालू नकोस.’

शेवटची दोन वाक्ये गाळू नका. ती असली की साधारण असे प्रश्न येतात. अकराच्या सकाळच्या संकलनापासून की संध्याकाळच्या? गाय आणि म्हैस दोन्हींचा दर बदलतो का? दर बदलल्याचे पत्र उशिरा आले आणि अकराच्या पावत्या जुन्या दराने निघाल्या असतील, तर फरक कुठे दाखवायचा? तेरा तारखेला अकराची नोंद दुरुस्त केली तर कोणता दर धरायचा?

पैकी दोन-तीन प्रश्न अनुभवी बीएला सुचले असतेच. चौथा बहुधा राहिला असता, आणि नेमका तोच चालू सिस्टीममध्ये भांडण लावणारा आहे. बिलाच्या कालावधीबद्दल विचारून पाहा. १ ते १० आणि ११ ते २० ठीक. पण २१ पासून महिनाअखेरपर्यंतचे बिल फेब्रुवारीत आठ (लीप वर्षी नऊ) दिवसांचे असते आणि जानेवारीत अकरा दिवसांचे. ‘दर दहा दिवसांनी’ असे लिहून मोकळे झालेल्या एसआरएसमध्ये एकतीस तारखेचे दूध कोणत्या बिलात जाते? असल्या कडेच्या शक्यता शोधण्यात मॉडेल खरोखर तरबेज आहे.

ही यादी घेऊन पुन्हा सचिवांकडे जायचे. तिथे बसून चहा घेत उत्तरे लिहून घ्यायची. हा भाग एआयला देता येत नाही, देऊही नये.

रिक्वायरमेंट लिहिण्याची ठरावीक पद्धत एआयला शिकवता येते का?

येते, आणि तिचा फायदा लगेच दिसतो. इंजिन बनवणाऱ्या रोल्स-रॉइसमधल्या अॅलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘इअर्स’ नावाची पद्धत मांडली. वाक्याचे मोजके साचे: एखादी घटना घडली की, एखादी स्थिती असेपर्यंत, नको ते घडले तर, एखादी सोय बसवलेली असेल तिथे, आणि कायम लागू असणारे. ‘मशीन बंद असल्यास फॅट हाताने टाकता यावी’ हे वाक्य साच्यात बसवताना मॉडेलला विचारावे लागते, कुणी टाकावी, पावतीवर तशी खूण हवी का, मशीन सुरू झाल्यावर काय. साचा मराठीत दिला तरी चालतो. दोन-तीन नमुना वाक्ये सोबत द्या.

एक इशारा. वाक्य सुबक करताना मॉडेल कधी कधी अर्थ सरकवते. ‘शक्यतो’चे ‘नेहमी’ होते, ‘सचिव’ जाऊन ‘वापरकर्ता’ येतो. म्हणून मूळ वाक्य पुसू नका. दोन्ही शेजारी ठेवा.

आमच्या मीटिंग मराठीत, मध्ये इंग्रजी मिसळून होतात. रेकॉर्डिंगवरून मिनिट्स काढता येतात का?

काढता येतात, मसुदा म्हणून. केंद्रावर मागे मशीनचा आवाज असतो, दोघे-तिघे एकदम बोलतात, आणि शब्दांत रूपांतर करताना सर्वांत जास्त घोळ आकड्यांचा होतो. ‘पावणेचार’, ‘सव्वातीन’, ‘दीड टक्का’ हे ऐकून ३.७५, ३.२५, १.५ असेच लिहिले गेले का, हे प्रत्येक वेळी तपासा. गावाकडची नावे आणि पशुखाद्याचे ब्रँडही बिघडतात.

मिनिट्समध्ये ठरलेल्या गोष्टी आणि नुसत्या बोलल्या गेलेल्या गोष्टी वेगळ्या करायला सांगा. ‘बघू या’, ‘विचारून सांगतो’, ‘तसं करता येईल’ या वाक्यांचा निर्णय होत नाही. मॉडेलला ते सांगावे लागते. आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी समोरच्यांना विचारा.

एकच गोष्ट दोनदा लिहिली गेली आहे किंवा दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे एआय शोधते का?

दुहेरी नोंदी चांगल्या शोधते. यामागची रीत अशी: प्रत्येक वाक्याचे आकड्यांच्या लांबलचक ओळीत रूपांतर होते आणि अर्थाने जवळची वाक्ये या आकड्यांतही जवळ येतात. ‘उत्पादकाला एसएमएस जावा’ आणि ‘सभासदास मोबाईलवर संदेश पाठवावा’ या दोन नोंदी एकाही समान शब्दाशिवाय सापडतात.

विरोधाच्या बाबतीत हीच रीत गोंधळ घालते. ‘उचल बाकी असल्यास बिल द्यावे’ आणि ‘उचल बाकी असल्यास बिल देऊ नये’ ही वाक्ये आकड्यांत खूप जवळ येतात, कारण विषय आणि शब्द तेच आहेत. टूल त्यांना ‘दुहेरी’ म्हणून दाखवू शकते, आणि यादीवर विसंबून कुणी एक खोडली तर निर्णयच खोडला जातो. म्हणून जवळच्या जोड्या काढून झाल्या की दुसऱ्या फेरीत प्रत्येक जोडी भाषा-मॉडेलला वाचायला द्या: दोन्ही एकाच वेळी पाळता येतील का? नसतील तर कोणत्या परिस्थितीत येणार नाहीत? खोडण्याचा हक्क माणसाकडेच ठेवा.

ट्रेसेबिलिटी ठेवायला वेळच मिळत नाही. इथे मदत होईल?

होईल, आणि माझ्या मते एआयचा सर्वांत कमी बोलला जाणारा उपयोग हाच आहे.

कोणती रिक्वायरमेंट कुठल्या डिझाइनमध्ये, कोडमध्ये आणि टेस्टमध्ये उतरली, याची साखळी म्हणजे ट्रेसेबिलिटी. ती तुटली की काय होते याचे ठळक उदाहरण नासाच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’चे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी हे यान मंगळाजवळ गमावले. जमिनीवरच्या सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले, ते वापरणाऱ्यांनी न्यूटन-सेकंद धरले. फरक सुमारे ४.४५ पट. महत्त्वाचे हे की मेट्रिक एकक वापरायचे ही रिक्वायरमेंट इंटरफेसच्या दस्तऐवजात लिहिलेली होती. लिहिलेले आणि बनवलेले एकच आहे का, हे तपासणारा धागा तेवढा नव्हता.

आपल्या उदाहरणातही हा सापळा आहे. गावात दूध लिटरमध्ये मोजले, टँकर मुख्य डेअरीत किलोत वजन झाला. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते. हजार लिटरमागे तीस किलोचा फरक, आणि एकक न लिहिलेला ‘परिमाण’ हा एकच रकाना दोन्हीकडे.

एआयला रिक्वायरमेंट आणि टेस्ट केसच्या याद्या देऊन जोड्या सुचवायला सांगा, सोबत प्रत्येक जोडीचे एका वाक्यात कारण मागा. कारण न पटणारी जोडी लगेच कळते. त्याहून मोलाची गोष्ट उरलेल्यांची यादी: ज्यांना एकही टेस्ट नाही अशा रिक्वायरमेंट, आणि ज्यांच्यामागे एकही रिक्वायरमेंट नाही असे टेस्ट. दर स्प्रिंटच्या (कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्याच्या) शेवटी ही यादी काढली तर फार वेळ जात नाही.

चेंज रिक्वेस्ट आली की परिणाम किती, हे एआय सांगेल का?

सुरुवातीची यादी चांगली देते. ‘फॅट एकाऐवजी दोन दशांश स्थळांपर्यंत घ्या’ असा बदल आला. एका स्क्रीनचे काम वाटते. मॉडेलला संपूर्ण रिक्वायरमेंट संच दिला असेल तर ते दरपत्रक, पावतीची रुंदी, मशीनमधून येणारा डेटा, जुन्या नोंदी आणि मासिक रिपोर्ट दाखवील. पूर्णांकन दर पावतीला करायचे की बिलाला, हा प्रश्नही त्यातून निघतो. दोन पद्धतींनी पैशांत फरक पडतो आणि उत्पादकाच्या तो लक्षात येतो.

किती दिवस लागतील हे मात्र त्याला विचारू नका. तुमच्या कोडची अवस्था आणि तुमच्या माणसांच्या सुट्ट्या त्याला माहीत नाहीत.

आधीच्या प्रकल्पाचा एसआरएस देऊन त्यावरून नवा बनवून घेतला तर?

जपून. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आसपास नष्ट झाले. दिशा सांगणाऱ्या उपकरणाचे सॉफ्टवेअर एरियान-४ वरून जसेच्या तसे आणले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही आणि उपकरण बंद पडले. ज्या भागात हे घडले, त्याची उड्डाणानंतर एरियान-५ ला गरजच नव्हती. आणि नव्या रॉकेटच्या मार्गाची माहिती त्या उपकरणाच्या रिक्वायरमेंटमध्ये घातलेलीच नव्हती.

जुना दस्तऐवज दिला की एआय त्यातली प्रत्येक ओळ आदराने पुढे आणते. म्हणून उलट काम द्या: ‘या एसआरएसमध्ये कोणती गृहीतके न लिहिता धरली आहेत? नव्या ठिकाणी कोणती खरी नसतील?’ फक्त गायीचे दूध घेणाऱ्या केंद्रासाठी लिहिलेला एसआरएस म्हशीचे दूधही घेणाऱ्या केंद्राला नेताना ही यादी लांब निघते.

नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट ओळखता येतात का?

नॉन-फंक्शनल म्हणजे सिस्टीमने काय करावे यापेक्षा कसे चालावे, याबद्दलच्या अपेक्षा. त्यांचे वर्गीकरण बरे होते. पण या क्षेत्रातले बरेच प्रयोग ज्या प्रसिद्ध संचावर झाले, त्यात डीपॉल विद्यापीठातल्या १५ विद्यार्थी-प्रकल्पांची इंग्रजीतली ६२५ वाक्ये आहेत. त्यावरची टक्केवारी पाहून तुमच्या मराठी-इंग्रजी मिश्रणावर तेवढीच अचूकता मिळेल, असे धरू नका. वर्गीकरणापेक्षा विचारणा करून घ्या: लाइट गेली तर? नेट नसताना सकाळच्या गर्दीत पावती निघाली पाहिजे का? सकाळी सात वाजता रांगेत उभ्या माणसांसाठी हीच खरी रिक्वायरमेंट असते आणि ती बहुधा कुणी बोलून दाखवत नाही.

प्राधान्य ठरवायला वापरावे का?

नाही. पर्याय आणि त्यांचे परिणाम मांडून घ्या. क्रम मालकाने लावावा.

दोनशे पानांचा दस्तऐवज एकदम टाकला तर चालतो का?

टाकता येतो, पण भरवसा कमी होतो. लांब मजकुराच्या मधल्या भागातली माहिती मॉडेलकडून निसटते, असे २०२३ मधल्या संशोधनात दिसले. नवी मॉडेल यात सुधारली आहेत, तरी प्रकरणागणिक तुकडे पाडणे आणि प्रत्येक निष्कर्षासोबत रिक्वायरमेंटचा क्रमांक मागणे हीच पद्धत मी सुचवतो. तो क्रमांक उघडून पाहा. कधी कधी नसलेला क्रमांकही दिला जातो. शिवाय तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की यादी थोडी वेगळी येते, त्यामुळे महत्त्वाच्या तपासण्या दोनदा करून याद्या एकत्र करा.

क्लायंटची माहिती एआयला द्यावी का?

आधी करार वाचा. गोपनीयतेच्या कलमात तिसऱ्या पक्षाला माहिती द्यायला मनाई असेल, तर एआय सेवा हा तिसरा पक्षच आहे. क्लायंटकडून लेखी परवानगी घ्या. कंपनीने घेतलेल्या खात्यात तुमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जातो की नाही, हे अटींत तपासा. वैयक्तिक मोफत खात्यावर क्लायंटचे काम करू नका.

रिक्वायरमेंटसोबत नमुना डेटा येतो, तिथे जास्त जपायला हवे. उत्पादकांची नावे, बँक खाती, मोबाईल, आधार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खरी नावे काढून बनावट नोंदी करा. रिक्वायरमेंट समजायला खऱ्या माणसाचा खाते क्रमांक कधीच लागत नाही. बंधने फार कडक असतील तर स्वतःच्या सर्व्हरवर चालणारे खुले मॉडेल वापरता येते. ते जरा कमी हुशार असते, पण संदिग्ध वाक्ये दाखवण्याएवढे पुरते.

कोणते टूल घ्यावे?

विमान, वाहन, वैद्यकीय उपकरणे अशा नियमबद्ध क्षेत्रात असाल तर डोअर्स, पोलारियन किंवा जामा यांपैकी एखादे रिक्वायरमेंट सांभाळणारे टूल तुमच्याकडे असेलच. तिथे ट्रेसेबिलिटी ऐच्छिक नसते, आणि एआयने सुचवलेला दुवा माणसाने तपासल्याची नोंद ऑडिटरला दाखवता आली पाहिजे. बाकीच्यांना जिरा (कामाची तिकिटे ठेवण्याचे टूल) किंवा नीट आखलेली एक्सेल शीट आणि एक चांगले भाषा-मॉडेल बस्स. वर सांगितलेले तीन रकाने (कुणी सांगितले, कुठे, स्थिती काय) ज्या टीमला एक्सेलमध्ये भरता येत नाहीत, ती टीम महागड्या टूलमध्येही ते रिकामेच ठेवते.

फ्रेशर बीएने काय शिकावे? हे काम उरणार का?

ही काळजी खरी आहे आणि तिला गुळमुळीत उत्तर देणे बरोबर नाही. मिनिट्स टाइप करणे, स्टोरी साच्यात बसवणे, यावरच ज्यांचा दिवस जात होता त्यांचे काम कमी होणार. पण नवी माणसे घडत होती तीही याच कामातून. मिनिट्स लिहिता लिहिताच क्लायंटचा धंदा समजायचा. म्हणून लीड मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: नव्या मुलाला आधी स्वतः प्रश्नांची यादी काढू द्या, मग एआयची यादी दाखवा, आणि दोन्हींतला फरक त्याच्यासोबत बसून वाचा. त्याला केंद्रावर पाठवा. पहाटे दूध घालायला आलेल्या माणसाने पावती कशी धरली, कोणता आकडा आधी पाहिला, हे एकदा बघितलेला बीए पावतीची रिक्वायरमेंट वेगळी लिहितो.

एआय एजंटला (स्वतःहून टूल वापरून कामे करणाऱ्या एआयला) थेट जिरामध्ये तिकिटे बनवू किंवा बदलू द्यावीत का?

वाचायची परवानगी द्या, शेरा लिहायची द्या. नवे तिकीट बनवायचे असेल तर ते ‘गृहीत’ या स्थितीत, वेगळ्या लेबलसह बनू दे. मंजूर झालेल्या रिक्वायरमेंटचा मजकूर बदलण्याची परवानगी देऊ नका. स्वीकृतीचे निकष आणि एककांचे रकाने तर मुळीच खुले ठेवू नका. एजंटला स्वतंत्र खाते द्या, म्हणजे इतिहासात कुठला बदल त्याने केला आणि कुठला माणसाने, हे वेगळे दिसेल. महिनाभर त्याचे शेरे वाचा. किती उपयोगी निघाले, किती वेळ खाणारे निघाले, त्यावरून पुढची परवानगी ठरवा.